उंदराच्या माळेतला मणी

संघपालचा फोन आला तेव्हा साक्षी उंदरांच्या खोलीत होती. तिथं फोन न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो बाहेर खुंटीला टांगलेल्या पिशवीत वाजत राहिला. काम आटोपून, अंगावरचा निळा झगा आणि टोपी काढून ती बाहेर आली, तर दादाचे कितीतरी फोन येऊन गेलेले. तिनं लगेच लावला.

"रिपोर्ट आला विशाखाचा," संघपाल म्हणाला. "अकोल्याच्या डॉक्टरनं समजावून सांगतलं, पण मले काही उमजलं नाई. तू लिहून घे. मी एकेक अक्षर सांगतो."

संघपाल वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात वायरमन होता. मीटरचा नंबर सांगावा तशी, मध्ये थांबत, तो इंग्रजी अक्षरं सांगू लागला. तिसऱ्या अक्षरालाच साक्षीला पुढची सगळी कळली. तिनं लिहायचं थांबवलं.

ते एका जनुकाचं नाव होतं. पुण्याच्या त्या संशोधन संस्थेत पीएचडीला लागल्यापासून साक्षी उंदरातल्या त्याच जनुकावर काम करत होती. तिच्या प्रबंधाच्या नावातही तीच अक्षरं होती.

"हायेस काय तू?" पलीकडून संघपाल म्हणाला. "तुले माहीत हाये काय हे?"

"हो."

"मंग सांग ना. चांगलं हाये का वाईट हाये?"

साक्षीनं उंदरांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "दादा, मी घरी येतो," ती म्हणाली. घरच्यांशी बोलताना ती अजूनही येतो-जातोच म्हणायची. "आल्यावर सांगतो."

किन्हीराजाला त्यांचं घर होतं. वडील देवमन, आई रुख्मिणी, थोरला संघपाल, त्याची बायको सुकेशनी आणि त्यांची पाच वर्षांची विशाखा. सुकेशनी ही रुख्मिणीच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे संघपालनं मामाची मुलगी केली होती, आणि हे लग्न रुख्मिणीनंच हट्टानं जमवलं होतं. लहानपणापासून पाहिलेली, घरची पोरगी घरात आली, याचा तिला फार आनंद होता.

दिवाळी झाली आणि विशाखाच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली यायला लागली. आधी वाटलं झोप झाली नसेल. अंगणवाडीतली पोरं तिला झोपाळी म्हणू लागली. मग दुसरी पापणीही जड झाली. भाकर खाता खाता ती मध्येच थांबायची, घास तोंडात तसाच. चालता चालता गुडघ्यात मुडपून बसायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पेशींना ताकद पुरवणाऱ्या यंत्रणेतला बिघाड असू शकतो अशी शंका बोलून दाखवली. त्यासाठी रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. त्याचा हा रिपोर्ट.

आणि सुकेशनीला पुन्हा दिवस गेलेले होते.

साक्षी ट्रॅव्हल्सनं मालेगावला उतरली आणि काळीपिवळी जीपनं गावात आली. ओसरीवर देवमन तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. रुख्मिणी चुलीपाशी होती. लेक इतक्या महिन्यांनी आली तरी ती उठून बाहेर आली नाही.

"आई बोलत नाई कोणासंग," संघपालनं हळूच सांगितलं. "रिपोर्ट आल्यापासून असंच हाये. डॉक्टर म्हणे, दोघा मायबापाकून एकेक खराबी आली, नात्यातलं लगन असलं की असं होऊ शकते. आईनं तेवढंच धरलं. अन् गावातही लोक बोलाचं ते बोलले."

"डॉक्टर खराबी म्हणाले?"

"बदल म्हणे का काय. आमाले तर खराबीच समजलं."

तिनं रिपोर्ट वाचला. त्यात लिहिलं होतं की या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एक बदल आहे आणि त्याचा अर्थ निश्चित सांगता येत नाही. डॉक्टरांनी हे वाक्य नक्कीच वाचून दाखवलं असणार. घरात ते कोणाच्याही कानात शिरलं नव्हतं. पुढचं मात्र सगळ्यांना पाठ होतं: आजार याच जनुकाचा असेल, तर होणाऱ्या बाळालाही तो होण्याची शक्यता चारात एक. पोटातल्या बाळाची तपासणी करता येईल, पण काय ते लवकर ठरवावं लागेल.

सुकेशनी पाणी घेऊन आली आणि तिथंच खाली बसली.

"साक्षी, हे असते तरी काय?" तिनं विचारलं. "मले समजल असं सांग."

साक्षीनं भावाकडे पाहिलं. "दादा, गावाले करंट कुठून येते?"

"डीपीवरून. ट्रान्सफार्मर बसवेल हाये ना, तिथून."

"आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात ना वहिनी, त्यायच्यात अशाच लई डीप्या असतात. समदी ताकद तिथून येते. आता डीपीत काम काय कराचं हे कोणीतरी चिठ्ठीवर लिहून देल्ल्याबिगर होत नाई असं समज. त्या डीप्यांत अशा चिठ्ठ्या तयार होतात. चिठ्ठी फाटली, हरपली, त काम बंद. हे जे जनुक हाये, ते त्या चिठ्ठ्या सांभाळणारा माणूस तयार करते. तो चिठ्ठ्या फाटू देत नाई."

"अन् तो माणूसच नसला त?"

साक्षीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुह्या उंदरायचं काय होते?" सुकेशनीनं विचारलं. "तू तेच पाह्यत असतं ना तिथं?"

खोटं बोलावं असं क्षणभर साक्षीच्या मनात आलं. पण सुकेशनी तिच्याहून थोडीच मोठी, लहानपणी दोघी एका ताटात जेवलेल्या. "जनुक पूर्णच नसलं त पिलं जन्माले येत नाईत," ती म्हणाली. "पोटातच जिरून जातात."

सुकेशनीचा हात आपोआप पोटावर गेला. ती उठून आत निघून गेली. चुलीपाशी रुख्मिणीनं काही ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती वाकून जाळ सारत राहिली.

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

सकाळी विशाखा साक्षीच्या आधी उठून अंगणात बकरीच्या पिल्लामागे पळत होती. साक्षी दातांना राख लावत ते बघत उभी राहिली. पोरगी हसत होती, ओरडत होती, पडून पुन्हा उठत होती. आणि साक्षीला आपलंच कालचं बोलणं खटकलं. जनुक पूर्ण निकामी असेल तर जन्मच होत नाही. ही तर जन्माला आली, वेळेवर बसली, वेळेवर चालली, पाच वर्षं धडधाकट होती. म्हणजे तो चिठ्ठ्या सांभाळणारा कामावर हजर होता. मग या बदलानं नेमकं काय बदललं?

हे खरं तर तिनं पुण्यातच बघायला हवं होतं. पण नाव ऐकल्याबरोबर तिच्या डोळ्यापुढे ती पिलं आली होती, आणि पुढचं काही सुचलंच नव्हतं.

चहा घेऊन ती लॅपटॉप काढून ओसरीवर बसली. जनुकापासून जे प्रथिन बनतं ते म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. प्रत्येक मण्यासाठी एक अक्षर. रिपोर्टात लिहिलं होतं की या माळेतल्या एका ठिकाणी, जिथं बहुतेक माणसांत एक मणी असतो, तिथं विशाखाच्या माळेत वेगळाच मणी आहे. तिनं माणसाची माळ उघडली. खाली उंदराची माळ ओढून घेतली, दोन्ही एकाखाली एक लावल्या आणि मणी मोजत त्या जागेपर्यंत गेली.

ती जागा सापडल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

उंदराच्या माळेत त्या जागी विशाखाचाच मणी होता.

तिनं वर्षानुवर्षं पाहिलेल्या, धडधाकट, पळणाऱ्या, पिलं घालणाऱ्या प्रत्येक उंदराच्या अंगात तोच मणी होता. ती माळ तिला जवळजवळ पाठ होती. पण माणसाच्या माळेत त्या जागी काय असतं, हे बघायची वेळ कधी आली नव्हती. तिनं घुशीची माळ काढली, सशाची काढली. तिथंही तोच मणी.

मोबाईलला रेंज मिळावी म्हणून ती मागच्या परसात गेली आणि पुण्याला तिच्या मार्गदर्शक साधना मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खूण चांगली आहे साक्षी," त्या म्हणाल्या. "उंदरात जे सुरळीत चालतं, तेच माणसात आलं तर ते घातक असण्याची शक्यता कमी. पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. तिथं चालतं ते इथं चालेलच असं नाही. एवढ्यावर पोटातल्या बाळाबद्दल काही ठरवू नका."

"मग काय करू मॅडम?"

"उंदरावरून पुढचं कळायला फार दिवस लागतील. तुमच्या घरातच बघ. असं कोणीतरी शोध, ज्याच्याकडे हाच बदल दोन्ही प्रतींत आहे, आणि जे माणूस अगदी ठणठणीत आहे. तसं एक जरी सापडलं तर बोलता येईल."

साक्षी परसातच उभी राहिली. पलीकडे हळदीच्या वाफ्यात रुख्मिणी खुरपं घेऊन बसली होती. तिचं वय साठीला टेकलं होतं. अजून ती डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन शेतातून चालत यायची आणि वाटेत कोणी भेटलं तर भारा न उतरवता बोलत उभी राहायची. विशाखाकडे तो बदल बापाकडून आणि आईकडून आला होता. संघपालला तो रुख्मिणीकडून आला असेल आणि सुकेशनीला तिच्या बापाकडून, तर तो रुख्मिणीच्या माहेरचा. आणि रुख्मिणीचे आईबापही आते-मामे भावंडंच होते, म्हणजे तिला तो दोन्हीकडून आलेला असू शकत होता.

ती जाऊन आईशेजारी बसली.

"आई, तुह्यं रक्त पाह्यजे तपासाले."

खुरपं थांबलं. कितीतरी दिवसांनी रुख्मिणी बोलली. "माह्यं कायले?"

"विशाखात जे निघालं ते तुह्यात हाये काय, पाहाचं हाये."

"म्हंजे माह्याच रक्तातून आलं हे पक्कं कराचं हाये तुले." तिचा आवाज चढला नव्हता. "मले माहीत हाये ते. मीच आणलं हे घरात. भावाची पोरगी मीच केली. लोकायनं सांगतलं होतं मले. आता कागदावर लिहून कायले पाह्यजे तुले?"

"आई, ऐक. तुह्यात दोन्हीकून हेच निघालं, अन् तू अशी चांगली हायेस, त त्यात काही दोषच नाई असं होते. मंग हे तुह्या रक्तातलं दुखणं नाईच. दुसरं काहीतरी हाये."

रुख्मिणी तिच्याकडे बघत राहिली. "अन् नाई निघालं त?"

"त काही ठरत नाई. आता हाये तसंच राह्यते."

"अन् माह्यं चांगलंपण कायचं? गुडघे दुखतात माह्ये."

"तुह्या वयाच्या कोणाचे दुखत नाईत?"

देवमन मागून येऊन उभे होते. "माह्यंही घ्या रक्त," ते म्हणाले. "हे एकटी जाईन त सुईले भेईन. दोघं जाऊ."

"मी कायले भेऊ सुईले," रुख्मिणी म्हणाली आणि खुरपं वाफ्यात रोवून उठली.

अकोल्याच्या डॉक्टरांना साक्षीनं मण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी ती नीट ऐकली, संगणकावर स्वतः पडताळून पाहिली आणि आजी-आजोबांची तपासणी लगेच लिहून दिली. "मी अर्थ निश्चित नाही असं सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण निश्चित नाही हे ऐकणं किती अवघड असतं ते मलाही कळतं."

मग वाट बघणं आलं. साक्षी पुण्याला परतली. रोज सकाळी संघपालचा फोन यायचा, काही नसलं तरी. विशाखाची पापणी आज कशी आहे, सुकेशनीनं जेवण केलं का, असलं काहीबाही बोलून तो ठेवून द्यायचा. घरात सुकेशनी आणि रुख्मिणी एका चुलीवर काम करायच्या, पण एकमेकींकडे बघायच्या नाहीत. एकीला वाटे आपल्या माहेरानं हे दिलं, दुसरीला वाटे आपण हे घरात ओढून आणलं. दोघींचं माहेर एकच होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांचा फोन आला तो साक्षीलाच. "तुमच्या वडिलांकडे हा बदल नाही," ते म्हणाले. "आईंकडे आहे. दोन्ही प्रतींत."

"दोन्ही?"

"दोन्ही. विशाखासारखंच. आणि त्यांना मी पाहिलं आहे, मला जिना चढताना दम लागला, त्यांना लागला नाही. हे जनुक आपण आता सोडून देऊ. विशाखाचा आजार याच्यामुळे नाही. होणाऱ्या बाळाची यासाठी तपासणी करायची गरज नाही."

साक्षीनं फोन ठेवला आणि पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की ती रडते आहे आणि समोरून जाणारा माळी हातातला पाइप घेऊन थांबला आहे. तिनं हातानंच त्याला, काही नाही, असं सांगितलं. मग घरी फोन लावला. फोन देवमनांनी उचलला. त्यांनी ऐकलं, दोनदा विचारून घेतलं आणि मग फोन कानालाच धरून त्यांनी चुलीकडे तोंड करून सांगितलेलं तिला ऐकू आलं.

"अवं, तुह्यात निघालं समदं. दोन्हीकून. माह्यात काहीच नाई निघालं. मी बिनकामाचाच ठरलो."

नंतर बराच वेळ नुसताच आवाज येत राहिला, भांड्यांचा, पावलांचा. मग सुकेशनीचा आवाज आला, "आत्या," आणि रुख्मिणीचा, "उगी पोरी, उगी." देवमन फोन बंद करायचं विसरले होते. साक्षीनंही तो बंद केला नाही.

पोटातल्या बाळाची काळजी मिटली. पण विशाखाचं कोडं तसंच होतं. पापणी खाली येत होती, घास अडकत होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी डॉ. सुचितांचं नाव सुचवलं. त्या लहान मुलांच्या नसा-स्नायूंच्या आजारांच्या जाणकार होत्या आणि आठवड्यातून एकदा वाशीमला येऊन पेशंट बघायच्या. साक्षी पुन्हा रजा टाकून आली. या वेळी सगळेच निघाले, रुख्मिणीही.

डॉ. सुचितांनी जाडजूड फाईल हातात घेतली, वजन केल्यासारखी धरली आणि मिटून टेबलाच्या कडेला ठेवली. "हे नंतर बघू. मला पहिल्यापासून सांगा. पोरगी केव्हा बरी असते आणि केव्हा बिघडते?"

"सकाळी चांगली असते," सुकेशनी म्हणाली. "बकरीच्या मागं पळते. दिवस कलला का मग पापणी खाली येते. संध्याकाळी भाकर चावत नाई."

"दुपारी झोपून उठली तर?"

सुकेशनीनं आठवून पाहिलं. "तवा बरी असते. मंग पुन्हा तसंच." तिनं विशाखाला जवळ ओढलं. "मॅडम, मले हे दिसत होतं पहिले. पण रिपोर्ट आला अन् मी तिच्याकडे पाह्यलेच भेत होती. मले वाटे, आता हे असंच वाढत जाणार."

डॉक्टरांनी विशाखाला समोर बसवलं आणि छताकडे बघत राहायला सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही पापण्या पडदा उतरावा तशा खाली आल्या, डावी जास्त. डॉक्टरांनी मान हलवली.

"थोडा बर्फ पाहिजे," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या फ्रीजमध्ये लसी होत्या, बर्फ नव्हता. संघपाल खाली गेला आणि समोरच्या रसवंतीतून पिशवीत बर्फाचे तुकडे घेऊन आला. रसवंतीवाल्यानं कोणाला लागलं का म्हणून विचारलं, पैसे घेतले नाहीत.

डॉक्टरांनी बर्फ रबरी हातमोज्यात भरला, मोज्याला गाठ मारली आणि विशाखाला डोळे मिटायला लावून डाव्या पापणीवर धरला. विशाखानं अंग चोरलं, पण रडली नाही. रुख्मिणीनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या, बाकी सगळे त्या मोज्याकडे. पाणी विशाखाच्या गालावरून फ्रॉकवर ओघळत होतं.

"आता उघड डोळे."

विशाखानं डोळे उघडले. डावी पापणी पुरती वर गेली होती. कित्येक आठवड्यांत कोणी पाहिला नव्हता तेवढा तो डोळा उघडा होता, काळाभोर, ओला. उजवी पापणी अजून खालीच होती, त्यामुळे फरक अगदी उघड दिसत होता.

डॉक्टरांनी बर्फ उजव्या डोळ्यालाही लावला. तोही उघडल्यावर विशाखानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर रुख्मिणीवर थांबली.

"आजी एकच दिसून राह्यली," ती म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही. डॉक्टर तिच्याजवळ वाकल्या. "आधी किती दिसत होत्या?"

"दोन. संध्याकाळी समदेच दोन दोन असतात."

सुकेशनीनं तोंडाला पदर लावला. पोरीनं हे कोणाला सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, संध्याकाळी सगळ्यांनाच तसं दिसतं.

"याला मायस्थेनिया म्हणतात," डॉ. सुचिता म्हणाल्या. "मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. शेवटच्या टप्प्यावर तो उतरून घ्यायची जी जागा असते, तिथं शरीरातलीच रोगाशी लढणारी फौज चुकून हल्ला करते. मग वापरत गेलं तसा स्नायू थकतो, विसावा दिला की परत येतो. थंडीनं थोडा वेळ सुधारतो. बर्फ त्यासाठी. हे रक्त तपासून पक्कं करू, छातीचा एक फोटो काढू आणि गिळण्यावर नीट लक्ष ठेवू. पण मला फारशी शंका नाही."

"औषध हाये काय यावर?" संघपालनं विचारलं.

"आहे. गोळ्या आहेत, लागलं तर पुढचीही औषधं आहेत. काही मुलांचं हे पुढे जाऊन शांत होतं, काहींना गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. सर्दी-ताप आला, श्वासाला त्रास वाटला, तर मात्र थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तेवढं सांभाळलं तर शाळेत जाईल, पळेल, सगळं करेल."

"अन् हे..." सुकेशनीनं पोटाकडे पाहिलं. "हे नात्यातल्या लग्नानं होते काय?"

"नाही. या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही."

हे ऐकून रुख्मिणीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पुन्हा केला. मग हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली, दिवसभर कापणी करून बांधावर टेकलेलं माणूस बसतं तशी.

पहिली गोळी तिथंच दिली. डॉक्टरांनी थोडा वेळ थांबून बघायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर सगळे बसले. रुख्मिणीनं सोबत आणलेली भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी काढली. दुपार कलली होती, म्हणजे विशाखाचा घास अडकायची वेळ. तिनं एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. चावताना ती थांबली नाही. अख्खी चतकोर संपवून तिनं आजीच्या हातातल्या उरलेल्या भाकरीकडे पाहिलं.

"ते कोणाची हाये?" तिनं विचारलं.

"तुहीच," रुख्मिणी म्हणाली.

परत येताना जीपमध्ये विशाखा मालेगावपर्यंत बडबडत होती आणि तिला कोणी गप्प बस म्हणालं नाही. सुकेशनी बसल्या बसल्या झोपली. वळणावर तिचं डोकं रुख्मिणीच्या खांद्यावर आलं आणि रुख्मिणी गाव येईपर्यंत जराही हलली नाही, खांदा अवघडला तरी.

रक्ताचा अहवाल डॉ. सुचितांच्या अंदाजाप्रमाणेच आला. पावसाळ्यात सुकेशनीला मुलगा झाला, पावणेतीन किलोचा. जन्मल्याबरोबर तो एवढा रडला की नर्सबाई म्हणाल्या, याच्या अंगात ताकद कमी नाही. विशाखा पहिलीत गेली. गोळी घ्यायची वेळ झाली की वर्गात बाई आठवण करतात. कधी दमते, तेव्हा बसते. मग पुन्हा उठते.

पुण्यात साधना मॅडमनी साक्षीला एक काम सांगितलं. जगभरातल्या प्रयोगशाळा असे जनुकांतले बदल एका ठिकाणी नोंदवत असतात. कोणता घातक, कोणता निरुपद्रवी, कशावरून. "त्यात ही माहिती जायला हवी," मॅडम म्हणाल्या. "हा बदल तुमच्या भागात आणखी घरांत असेल. उद्या कोणाच्या तरी रिपोर्टात निघेल. तेव्हा त्यांना भीती वाटायला नको."

साक्षीनं अकोल्याच्या डॉक्टरांशी बोलून, आईची परवानगी घेऊन सगळं लिहून काढलं. उंदरात हाच मणी असतो. एका कुटुंबात आजी आणि नात, दोघींकडे दोन्ही प्रतींत हा बदल. नातीच्या आजाराचं कारण वेगळं निघालं. पाठवून झाल्यावर तिनं घरी फोन केला. तान्हं मागे रडत होतं आणि विशाखा त्याच्याशी मोठ्यानं बोलत होती.

"पाठोलं काय?" रुख्मिणीनं विचारलं.

"पाठोलं."

"माह्यं नाव टाकलं काय त्यात?"

"नाव टाकत नाईत आई, कोणाचंच."

"ते बरं हाये." रुख्मिणी म्हणाली. "पण म्हातारी धडधाकट हाये, हे टाकलं ना?"

"टाकलं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि तान्ह्याला घ्यायला फोन सुकेशनीच्या हातात देऊन गेली.